सोयर, सुतक आणि ‘म्हैस’

मराठीत ‘सोयरसुतक’ हा शब्द आपण बहुधा नकारार्थीच वापरतो. अमक्याला कशाचे सोयरसुतक नाही, म्हणजे त्याला कशाची फिकीर नाही. शब्द इतका गुळगुळीत झाला आहे की त्यात दोन वेगळ्या गोष्टी जोडलेल्या आहेत, हे सहसा ध्यानातही येत नाही. घरात मूल जन्माला आले की सोयर आणि माणूस गेले की सुतक. दोन्ही प्रसंगी घर काही दिवस जगाच्या व्यवहारापासून बाजूला होते. आनंद आणि शोक या दोहोंना भाषेने एकाच समासात बसवले आहे. गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी हा समास अक्षरशः घडला. त्या महिन्यात माझ्या हातून एक चूकही घडली. तिच्या निमित्ताने शोक आणि करमणूक यांच्या नात्याविषयी काही लिहावे असे वाटते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी वाईच्या घरी गेले. सकाळचा चहा घेतला, वर्तमानपत्र मागितले आणि ते हातात येण्यापूर्वीच गेले. लोकांच्या भाषेत ‘सोने झाले’. हे वाक्य त्या दोन आठवड्यांत मी किमान पन्नासदा ऐकले असेन. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण ज्या बाईने त्या माणसाबरोबर साठ वर्षे काढली, तिला वयाचा हिशेब मांडून दुःखात सूट देता येत नाही, हे सांगणाऱ्याला कळत नाही.

अण्णा निवृत्त शिक्षक. त्यांच्या करमणुकीच्या गोष्टी मोजक्या होत्या आणि त्यांत शेवटची वीस वर्षे तरी बदल झाला नव्हता. रात्रीची जेवणे झाली की पु. ल. देशपांडे यांच्या आवाजातले काहीतरी लावायचे. त्यातही ‘म्हैस’ विशेष आवडीची. एस.टी.ची गाडी, तिला आडवी आलेली म्हैस आणि रस्त्यात खोळंबलेले नाना तऱ्हेचे प्रवासी, हा सगळा प्रसंग त्यांना मुखोद्गत होता. ऐकताना ते पुढचे वाक्य पु.लं.च्या आधी अर्धा क्षण म्हणत आणि आई दररोज त्यांना गप्प बसायला सांगे. आम्हा मुलांच्या लेखी ही त्यांची खोड होती. आईच्या लेखी ती काय होती, हे आम्हाला फार उशिरा कळले.

सुतकाच्या पाचव्या दिवशी, संध्याकाळी भेटायला येणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर, आई मला म्हणाली, “जरा ती म्हैस लाव रे.”

मी लावली नाही. खरे तर मी सुतक मानणाऱ्यांतला नाही. अशौचाच्या कल्पनेवर मी चार ठिकाणी टीका केली आहे. पण माजघरात आत्या बसल्या होत्या, ओसरीवर चुलतभाऊ होते, भिंतीपलीकडे शेजार होता. ज्या घरातून पाच दिवसांपूर्वी माणूस गेला, त्या घरातून खोखो हसण्याचे आवाज बाहेर गेले तर लोक काय म्हणतील, हा एकच विचार माझ्या मनात आला. मी म्हणालो, “आई, तेरावा होऊन जाऊ दे, मग लावू.” आई “बरं” म्हणाली. पुन्हा तिने विचारले नाही.

त्याच वेळी ओसरीवर काय चालले होते, हेही सांगितले पाहिजे. दोन भावांच्या हातात मोबाइल होता. एक जण क्रिकेटचा धावफलक पाहत होता, दुसऱ्याच्या कानात चेंडूएवढेही न दिसणारे यंत्र होते आणि तो मधूनच गालात हसत होता. त्यांना कोणी काही म्हटले नाही, आणि म्हणायचे कारणही नव्हते. दूरचित्रवाणी संच मात्र पहिल्या दिवशीच बंद करून त्यावर चादर टाकलेली होती. सुतकात करमणूक वर्ज्य, हा नियम घडला तेव्हा करमणूक ही चारचौघांत, उघड्यावर होणारी गोष्ट होती: कीर्तन, तमाशा, नाटक, लग्नाची वरात. आता ती प्रत्येकाच्या खिशात आहे. परिणामी सुतकाने आता करमणूक थांबत नाही. थांबते ती फक्त एकत्र बसून केलेली करमणूक. जो एकटा, कान बंद करून हसतो त्याला सूट आहे. आणि ज्या म्हाताऱ्या बाईला मोबाइल नीट चालवता येत नाही, जिला दुसऱ्याला सांगावे लागते, तिच्यापुरता तो नियम पूर्ण शाबूत राहतो.

एवढ्यावरून सुतकाची सगळी व्यवस्थाच निरर्थक होती, असे म्हणणे मला आता जमणार नाही. पूर्वी मी ते सहज म्हणालो असतो. पहिल्या दिवशी चूल पेटवायची नाही, म्हणून शेजारून पिठलंभात आला. तो भात खाताना मला प्रथमच समजले, की या नियमाने शोक करणाऱ्याला स्वयंपाकातून सुट्टी दिली आहे. दहा दिवस कोणाकडे जायचे नाही, देवाधर्माचे करायचे नाही, नटायचे नाही. शोकात बुडालेल्या माणसाला प्रसन्न दिसण्याच्या जबाबदारीतून मोकळे करणारी ही सवलतही आहे. आजची कार्यालये चार दिवसांत माणसाला कामावर बोलावतात आणि पहिल्याच बैठकीत त्याने ताजेतवाने दिसावे अशी अपेक्षा करतात. त्या तुलनेत जुनी रीत अधिक समंजस वाटते. माझा आक्षेप इतकाच, की सवलतीची सक्ती झाली की ती सवलत राहत नाही. ‘तुला हसायची गरज नाही’ आणि ‘तू हसता कामा नये’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पाचव्या दिवशी मी पहिल्याच्या जागी दुसरे म्हणालो.

आपल्या साहित्यशास्त्रातही हा पेच आहे. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त रसांचे परस्परविरोध सांगितले आहेत. त्यात हास्य आणि करुण हे एकमेकांचे विरोधी ठरवले आहेत. एकाच्या अंगणात दुसऱ्याने येऊ नये. आत्यांचे आणि विश्वनाथाचे मत या बाबतीत एकच होते. पण विश्वनाथाच्या कितीतरी आधी भरताने ‘नाट्यशास्त्रा’च्या पहिल्या अध्यायात नाट्य कशासाठी, याची जी कारणे दिली आहेत, त्यांत दुःखाने, श्रमाने आणि शोकाने पीडलेल्यांना विसावा देणे हे एक स्पष्ट कारण आहे. म्हणजे शोकार्त माणूस हा नाट्याचा अधिकारी प्रेक्षक आहे. किंबहुना त्याच्यासाठीच हा खटाटोप आहे. भरताने ‘विसावा’ म्हटले आहे, ‘विस्मृती’ नव्हे, हेही महत्त्वाचे. विनोद ऐकणाऱ्याला दुःख विसरायचे असते, हे आपण उगाच गृहीत धरतो. ओझे खाली ठेवून घटकाभर बसलेला हमाल ओझे विसरलेला नसतो. ते त्याच्या शेजारीच असते.

मराठी रंगभूमीवर या संदर्भात एक कथा नेहमी सांगितली जाते. १९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीने खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले. पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, आणि तरीही ते भामिनीची भूमिका करायला उभे राहिले. ही कथा आपण कर्तव्यनिष्ठेचा आदर्श म्हणून सांगतो. प्रेक्षकांचा विरस होऊ नये म्हणून कलावंताने वैयक्तिक दुःख गिळले, असा तिचा अर्थ लावतो. त्या रात्री त्यांच्या मनात काय होते, हे कोणालाच सांगता येणार नाही. पण मला एक शंका येते. आपण कलावंताला शोकाच्या दिवशी रंगमंचावर उभे राहण्याची परवानगी देतो, एवढेच नव्हे तर त्याचे कौतुक करतो, कारण त्याने ते आपल्यासाठी केले असे आपल्याला वाटते. त्याच दिवशी एखादा शोकार्त माणूस स्वतःसाठी प्रेक्षागृहात येऊन बसला असता, तर आपण त्याला बेफिकीर म्हटले असते. त्याला कशाचे सोयरसुतक नाही, असे म्हटले असते. त्याग म्हणून केलेली करमणूक चालते, गरज म्हणून केलेली चालत नाही. हा न्याय मला पटत नाही.

आठव्या दिवशी पहाटे पुण्याहून फोन आला. पुतण्याच्या बायकोला मुलगी झाली होती. तारखेच्या दोन आठवडे आधी. आई आणि मूल दोघीही सुखरूप. दादाने बातमी सांगितली आणि घरात जो क्षण आला त्याचे वर्णन करणे कठीण आहे. सगळ्यांचे चेहरे उजळले आणि लगेच सगळ्यांनी ते आवरले. एकमेकांकडे पाहून आपण नेमके किती आनंदी दिसायचे, याचा प्रत्येकजण अंदाज घेत होता. गुरुजींना विचारले तर त्यांनी शांतपणे सांगितले, की सुतकात आलेले सोयर सुतकाबरोबरच फिटते, वेगळे दिवस धरायचे नाहीत. धर्मशास्त्राने दोन अशौचांच्या संपाताचा विचार इतका बारकाईने केला आहे, की मरणाच्या मुदतीत जन्म आला तर काय, याचेही उत्तर तयार आहे. दिवसांचा हिशेब लागला. मनाचा हिशेब मात्र शास्त्राने ज्याच्या त्याच्यावर सोडला आहे, आणि तेच बरे आहे.

दहाव्या दिवशी कृष्णेच्या घाटावर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. थंडी मरणाची होती. एकेकाने पुढे होऊन आश्वासने दिली: आईला सांभाळू, घर विकणार नाही, आत्यांकडे लक्ष ठेवू. माझ्या मनात ‘म्हैस’ आली. पण चारचौघांत, हात जोडून, ‘अण्णा, आईला म्हैस लावून देतो’ असे म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही. यथावकाश कावळा आला. त्याचे श्रेय घर न विकण्याच्या आश्वासनाला गेले.

तेरावा झाला. चौदाव्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः होऊन आईसमोर बसलो आणि विचारले, “लावू का आता?” ती म्हणाली, “आता नको. त्या दिवशी मला त्यांचा आवाज आठवत नव्हता. घाबरले होते. वाटलं, ते लागलं की मध्ये मध्ये त्यांचं बोलणं ऐकू येईल. आता येतो आठवायला.”

तिला हसायचे नव्हते. अण्णा जिथे बोलत, त्या जागा तिला ऐकायच्या होत्या. मी मात्र ती करमणूक समजून थांबवली. जे ‘गंभीर’ असते ते म्हणजे प्रवचन, गरुडपुराण, फार तर भजन. आणि जे ‘हलके’ असते ते शोकाच्या घरात शोभत नाही, ही प्रतवारी मी न तपासता वापरली. गरुडपुराणात माझे वडील कोठेच नव्हते. ते ‘म्हशी’त होते.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. शोकाचे बहुतेक निर्बंध बाईवर अधिक काळ आणि अधिक बारकाईने पडतात. पुरुषाने दहाव्याला क्षौर केले, तेरावा केला की तो सुटतो. बाईचे कुंकू, बांगड्या, हळदीकुंकवातली तिची जागा, पाळण्यापाशी उभे राहण्याचा तिचा हक्क यांची चर्चा पुढे चालूच राहते. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करायला सांगितले. त्या वेळी आमच्या घरात सर्वांनी त्याचे स्वागत केले होते. तरीही बारशाची वेळ आली तेव्हा “वहिनींनी मागे बसलं तरी चालेल” हे वाक्य माजघरात उच्चारले गेलेच. ठराव गावाच्या वेशीपर्यंत येतो. माजघरापर्यंत तो आपल्यालाच न्यावा लागतो. या वेळी मात्र मी गप्प बसलो नाही. दादाही बसला नाही.

बारसे बाराव्या दिवशी, म्हणजे अण्णांच्या एकोणिसाव्या दिवशी, पुण्यात घरच्या घरी झाले. पाळण्याला पहिला हात आईने लावला. जेवणे झाल्यावर पुतण्याने, त्याला मागचे काहीच ठाऊक नसल्यामुळे, मोबाइलवर सहज ‘म्हैस’ लावली. मी त्याला थांबवायला उठलो, तर आईने हातानेच बस म्हणून खूण केली. थोडा वेळ कोणीच हसले नाही. मग एका ठिकाणी आत्याच पुढचे वाक्य आधी बोलून गेल्या. त्या अण्णांच्या धाकट्या बहीण. त्यांनाही ते पाठ होते, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हते. आई म्हणाली, “तुम्ही तरी गप्प बसा हो वन्सं,” आणि दोघीही हसता हसता रडू लागल्या. मूल जागे झाले आणि तेही रडू लागले.

या प्रसंगाने माझी चूक पुसली गेली, असे मी मानत नाही. एकोणिसावा दिवस हा पाचवा दिवस नव्हे. पाचव्या दिवशी एक बाई नवऱ्याचा आवाज हरवल्यामुळे घाबरली होती आणि तिने जे मागितले ते द्यायला मला एक बटण दाबायचे होते. तेव्हा माझे म्हणणे इतकेच आहे: शोकाचे दिवस किती, हे रीत ठरवो. त्या दिवसांत काय ऐकायचे आणि कशाला हसायचे, हे ज्याचे माणूस गेले आहे त्याने ठरवावे. इतरांनी फार तर दार लोटून घ्यावे.