नवा बास घेण्याआधी पाना घ्या

ऑर्केस्ट्रात, चर्चच्या क्वायरमध्ये किंवा कॉलेजच्या बँडमध्ये बास गिटार वाजवणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. ‘टोन बसत नाही’ म्हणून नवा बास किंवा महागडं पेडल घ्यायला निघाला असाल, तर जरा थांबा. आधी तारांचा एक संच घ्या आणि नेकचा बाक सांभाळणाऱ्या आतल्या ट्रस रॉडला नेमकी बसणारी ॲलन की घ्या. दहापैकी नऊ तक्रारी तिथंच मिटतात, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडची हवा लाकडाला सुखानं राहू देत नाही. पावसाळ्यात मुंबई-कोकणात नेक दमट होते, हिवाळ्यात पुण्या-नागपूरकडं ती सुकते, आणि दर वेळी तिचा बाक थोडा बदलतो. मग कधी तारा उंच होऊन बोटं दुखतात, तर कधी फ्रेटवर खडखड सुरू होते. आपण मात्र दोष देतो ॲम्पला.

तपासणी सोपी आहे. बास आधी सुरात लावा आणि वाजवताना धरतो तसाच धरा, पाठीवर आडवा टाकू नका. ई ची जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदमच दाबा. आता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी, म्हणजे साधारण पाव ते तीन दशांश मिलीमीटर फट हवी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड थोडा आवळायचा, तार टेकतच असेल तर सैल करायचा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. प्रत्येक वेळी पुन्हा सुरात लावून बघायचं. रॉडचा नट अडून बसला तर जोर लावू नका, कारागिराकडं न्या. मोडलेला रॉड फार महागात पडतो.

नेक बसली की मगच ब्रिजवरच्या सॅडलना हात लावा. बाराव्या फ्रेटवर तार दोन ते अडीच मिलीमीटर उंच असली की बहुतेकांना चालते. जोरात छेडणाऱ्यांनी थोडी जास्त ठेवावी. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथंच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला स्वर चढा येत असेल तर सॅडल नेकपासून लांब सरकवा, उतरा असेल तर जवळ आणा. पिकअप तारांच्या फार जवळ चढवू नका. चुंबक तार ओढतो आणि सूर डळमळतो.

आता टोन. घरी एकट्यानं वाजवताना बास आणि ट्रेबल चढवून मिडल पाडला की आवाज भारदस्त वाटतो. स्टेजवर तोच आवाज ड्रम आणि कीबोर्डखाली गडप होतो. मोकळी ई तार सेकंदाला सुमारे 41 कंपनांची. छोट्या स्पीकरला ती झेपतच नाही, कान तिचे वरचे उपस्वर ऐकून स्वर ओळखतो. ते उपस्वर ज्या पट्ट्यात असतात तोच तुम्ही कापलेला असतो! म्हणून सगळे नॉब मध्यावर ठेवून सुरुवात करा आणि पहिला बदल हातानं करा: ब्रिजकडं छेडलं की आवाज टणक येतो, नेककडं गोल आणि मऊ.

तारा सतत नव्याच हव्यात, असाही बाऊ नको. मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीचे बासवादक जेम्स जेमर्सन 1962च्या फेंडर प्रिसिजनवर जाड फ्लॅटवाउंड तारा लावत, त्या तुटल्याशिवाय बदलत नसत आणि एकाच बोटानं छेडत. चकचकीत स्लॅप हवा असेल तर मात्र ताज्या राउंडवाउंडच घ्या.

पुढच्या तालमीत सोबत्याला तुमचा बास वाजवायला द्या आणि बँड चालू असताना हॉलच्या मागच्या भिंतीपाशी जाऊन ऐका. नॉब फिरवायचा तो तिथलं ऐकून. आणि बास ॲक्टिव्ह असेल तर तालीम संपल्यावर केबल काढून ठेवा, नाहीतर आतली नऊ व्होल्टची बॅटरी बसते आणि ऐन कार्यक्रमात आवाज फाटतो.