दोन मीटर कमी, तरी पहिला

मोजपट्टीवर आपला भारी विश्वास! ज्याचे गुण जास्त तो हुशार, ज्याची उडी लांब तो श्रेष्ठ. हा हिशेब ज्यांना बिनचूक वाटतो त्यांनी १९६८ च्या ग्रेनोब्ल हिवाळी ऑलिंपिकमधील स्की-उड्यांचा निकाल अवश्य पाहावा. लहान टेकडीवर ऑस्ट्रियाचा बाखलर दोन उड्या मिळून १५३.५ मीटर गेला. चेकोस्लोव्हाकियाचा यिर्झी राश्का १५१.५ मीटर. आणि सुवर्णपदक राश्काला! तिसऱ्या आलेल्या प्राइमलची बेरीजदेखील राश्काहून एक मीटर जास्तच होती.

हा अन्याय झाला काय? माझ्या मते मुळीच नाही.

या खेळात अंतराच्या गुणांत शैलीचे गुण मिळवतात. पाच परीक्षक प्रत्येकी वीसपैकी गुण देतात. त्यांतले सर्वांत जास्त व सर्वांत कमी वगळून उरलेल्या तिघांची बेरीज धरतात. हवेत शरीर स्थिर होते का, एक पाय पुढे टाकून, गुडघे लवचीक ठेवून, हात पसरून खेळाडू अलगद उतरला का, हे ते पाहतात. कित्येकांना ही निव्वळ नटवेगिरी वाटते. परीक्षक आपल्या देशाकडे झुकतात, हा आक्षेप तर खराच आहे आणि दोन टोकांचे गुण वगळल्याने तो पुरता मिटतही नाही. पण नुसते मीटर मोजले तर काय होईल? जो तो उतार संपून सपाटी सुरू होते तिथवर जाऊ पाहील, आणि तिथे गुडघ्यांना बसणारा धक्का जबर असतो. उडी हवेत संपत नाही, ती जमिनीवर संपते.

राश्काला लांब जाता येत नव्हते असे मात्र कोणी समजू नये. त्याच ऑलिंपिकमध्ये मोठ्या टेकडीवर तो सोव्हिएत बेलोउसोव्हच्या मागोमाग दुसरा आला. १९६९ साली प्लानित्सा येथे त्याने १६४ मीटरचा जागतिक विक्रम केला. (दुसऱ्याच दिवशी मानफ्रेड वोल्फने १६५ मीटर जाऊन तो मोडला. मोजपट्टीचे वैभव हे असे एका रात्रीचे!) १९७०-७१ मध्ये चार टेकड्यांची प्रतिष्ठेची स्पर्धाही त्याने जिंकली.

त्याचा नातू यान माझोख हाही याच खेळातला. २००७ साली पोलंडमधील झाकोपाने येथे वाऱ्याने त्याचा तोल गेला, तो डोक्यावर आपटला आणि डॉक्टरांना त्याला औषधांनी बेशुद्ध ठेवावे लागले. सुदैवाने तो बरा झाला, पुन्हा टेकडीवरही आला. पण लवकरच त्याने खेळ सोडला. तो अपघात वाऱ्याचा, शैलीच्या गुणांचा त्याच्याशी संबंध नाही, हे मान्य. परंतु आजोबांच्या ज्या उतरण्याला लोक नुसती शोभा म्हणत, ते काय होते हे नातवाच्या पडण्यावरून समजते.

२०१० पासून तर विश्वचषकात वाऱ्याचेही गुण मिळवतात वा वजा करतात. तेव्हा लांब जाऊनही मागे राहणारे बाखलर आता अधिकच दिसणार!