कंपनीचे नाव आणि गिऱ्हाइकाचे इमान

आमच्या घरी माळ्यावर ‘नॅशनल’चा एक जुना टेपरेकॉर्डर ठेवलेला आहे. आमचे थोरले बंधू १९७९ साली कुवेतहून पहिल्या सुटीवर आले, तेव्हा त्यांनी तो आणला होता. रेडिओ आणि टेप एकाच डब्यात, म्हणून त्याला सगळे ‘टू-इन-वन’ म्हणत. भाभींना लिहिता-वाचता येत नव्हते. बंधू तिकडून कॅसेटवर बोलत, गावी येणाऱ्या कुणाच्या तरी हाती ती कॅसेट पाठवीत. भाभी त्याच टेपवर ती ऐकत आणि दुसऱ्या बाजूवर जबाब बोलून परत पाठवीत. त्या डब्याने आमच्या घरात सोळा वर्षे काम केले. मग घरात मिक्सर आला तो ‘नॅशनल’चा, पंखा आला तो ‘नॅशनल’चा. दुसऱ्या कंपनीचे नाव कुणी काढले की आमचे वालिद एवढेच विचारीत, “नॅशनल मिळत नाही काय?”

कोकणातील आमच्या वाचकांना यात काही नवीन वाटणार नाही. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखाती देशांत कामे निघाली आणि रत्नागिरी-रायगडकडची हजारो माणसे तिकडे गेली. परत येताना त्यांच्या सामानात जपानी वस्तू असत. कुणाचे घर सोनीचे, कुणाचे सान्योचे, कुणाचे अकाईचे. कंपनीचे नाव हे जणू घराण्याचे नाव झाले होते. आज टेपरेकॉर्डर गेले, मोबाईल आले. पण सवय तीच आहे. पगार बारा हजार, फोन साठ हजारांचा, आणि कारण काय तर “आम्ही दुसऱ्या कंपनीचा वापरतच नाही!” या इमानाविषयी आम्हांस आज दोन शब्द लिहावेसे वाटतात.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, असे इमान म्हणजे निव्वळ मूर्खपणा नव्हे. गरीब माणसाला चूक करण्याची ऐपत नसते. दहा वस्तू पारखून घेण्यास त्याच्याकडे वेळ नाही व माहितीही नाही. ज्या नावाने एकदा फसवले नाही, त्याच नावाकडे तो पुन्हा जातो. हा शहाणपणाच आहे. शिवाय त्या काळी हे नाव कष्टाने कमावलेले होते. कोनोसुके मात्सुशिता यांनी १९१८ साली जपानातील ओसाका येथे आपला छोटा कारखाना काढला. १९२३ साली त्यांनी सायकलचा बॅटरीवरचा दिवा तयार केला. तो तीस तासांहून अधिक जळतो, हे कोणी दुकानदार खरे मानीना. तेव्हा त्यांनी दिवे पेटवून दुकानांतच ठेवले आणि सांगितले की, बोललो तितका वेळ जळाला तरच पैसे द्या. ‘नॅशनल’ हे नाव त्यानंतर, १९२७ साली आले. म्हणजे आधी वस्तूने शब्द पाळला, मग नाव झाले. हा क्रम वाचकांनी लक्षात ठेवावा.

आमच्या टेपचीही गोष्ट तीच. त्याचा रबरी पट्टा तुटला की तालुक्याच्या गावी कोणताही मेकॅनिक तो बदलून देई. हेड खराब झाले तर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर दुसरे मिळे. वस्तू चांगली होती हे खरेच. पण ती दुरुस्त होत होती म्हणून ती सोळा वर्षे चालली. आम्ही मात्र याचे सारे श्रेय वरच्या नावाला दिले.

आता त्या नावांचे पुढे काय झाले ते पाहा. मात्सुशिता कंपनीने २००८ साली स्वतःचे नाव बदलून पॅनासॉनिक केले आणि ‘नॅशनल’ हे नाव मागे घेतले. सान्यो ही मात्सुशितांच्या मेहुण्यांनी १९४७ साली काढलेली कंपनी. ती २००९ साली पॅनासॉनिकच्या ताब्यात गेली. अकाईने १९९०च्या दशकात आपल्याकडे ‘जुना टीव्ही द्या, नवा घ्या’ म्हणून बाजार गाजवला होता. जपानातील मूळ कंपनी २००० साली बुडाली, आणि नंतर ते नाव निरनिराळ्या कारखान्यांच्या मालावर लागू लागले. शार्प २०१६ साली तैवानच्या फॉक्सकॉनकडे गेली. तोशिबाचा टीव्हीचा धंदा २०१८ साली चीनच्या हायसेन्सने घेतला. फिनलंडच्या नोकियाचा ११०० हा फोन २००३ साली आला, त्यातली टॉर्च घेऊन निम्मा महाराष्ट्र अंधारात चालला. २०१४ साली नोकियाने फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकला व पुढे ते नाव परवान्यावर दुसऱ्या कंपनीच्या फोनवर आले. दूर कशाला, औरंगाबादजवळच्या कारखान्यातून आपल्या घरोघरी टीव्ही पोहोचवणारी व्हिडिओकॉन २०१८ साली दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली.

यात कुणाला दोष द्यावा असे आमचे म्हणणे नाही. धंद्यात चढउतार असतोच. म्हणणे एवढेच की, नाव ही विकता येणारी जिन्नस आहे. कारखाना एकाचा, माल दुसऱ्याचा आणि नाव तिसऱ्याचे, असे आज सर्रास चालते. गिऱ्हाईक मात्र वालिदांच्या वेळचा विश्वास घेऊन दुकानात उभा असतो.

आमच्या एका चुलत भावाने काही वर्षांपूर्वी अशाच एका जुन्या, गाजलेल्या नावाचा टीव्ही घेतला. नाव आम्ही येथे देत नाही. अकराव्या महिन्यात पडदा गेला. हमीपत्रावर जो फोन नंबर होता तो कुणी उचलीना. जवळचे सर्व्हिस सेंटर म्हणून जे गाव दाखवले होते तेथे त्या पत्त्यावर कपड्यांचे दुकान निघाले. दुकानदार म्हणाला, “कंपनी जुनी आहे, म्हणून मीही डोळे मिटून माल ठेवला.” दोघेही खरे बोलत होते, दोघेही नावाला भुलले होते. पण पैसे गेले ते एकाचेच.

इमानाची किंमत मोठमोठ्या घरांनीही मोजलेली आहे. सोनीने १९७५ साली बीटामॅक्स हा व्हिडिओ आणला. दुसऱ्याच वर्षी जेव्हीसीने व्हीएचएस आणला. पुष्कळांच्या मते चित्र सोनीचे सरस होते. पण सुरुवातीला तिच्या कॅसेटवर एक तासच मावे, व्हीएचएसवर दोन तास. बाजार व्हीएचएसकडे वळला आणि १९८८ साली खुद्द सोनीनेही व्हीएचएस यंत्रे बनवण्यास घेतली. कंपनीने आपला माल सोडून दुसरा धरला. सोनीवरच्या प्रेमाने ज्यांनी बीटामॅक्स घेतले, त्यांना यंत्र असूनही नव्या सिनेमांच्या कॅसेटी मिळेनाशा झाल्या. कंपनीने केले ते व्यापाराच्या दृष्टीने बरोबरच होते. मग गिऱ्हाइकानेच का म्हणून आयुष्यभर बांधून घ्यावे?

आज प्रश्न याहून गंभीर झाला आहे. टेपरेकॉर्डर हा शौक होता; मोबाईल हे पोटापाण्याचे साधन आहे. रिक्षावाल्याचे भाडे, शिलाईवालीच्या ऑर्डरी, फळवाल्याचा हिशोब आणि पैशांची देवघेव सारे त्यातच आहे. फोन बंद पडला की धंदा बंद पडतो. आणि पुष्कळ फोनची बॅटरी आत चिकटवून बंद केलेली असते. ती घरी बदलता येत नाही. शिवाय काही वर्षांनी कंपनी आतल्या प्रणालीची नवी आवृत्ती देणे थांबवते आणि चांगला चालणारा फोन हळूहळू कुचकामी होतो. पैसे आपण भरले, पण तो किती दिवस चालावा हे दुसराच ठरवणार, तर मालक कोण?

याची जाणीव इतरत्र झालेली आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून असा नियम लागू केला की, एखाद्या स्मार्टफोनची विक्री बंद झाल्यावरही सात वर्षे त्याचे महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी पोर्टल सुरू केले. गिऱ्हाइकाने मागणी लावून धरली तरच यातून काही हाती लागेल.

तेव्हा आमच्या वाचकांनी वस्तू घेण्यापूर्वी नावापुढे तीन प्रश्न ठेवावेत. हा माल आज प्रत्यक्ष कोण बनवतो? बिघडला तर माझ्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात कोण दुरुस्त करील? सुटे भाग आणि नव्या आवृत्त्या किती वर्षे मिळतील? समाधानकारक जबाब मिळाला तर नाव नवे असले तरी घ्यावे. न मिळाला तर नाव कितीही जुने असो, सोडून द्यावे. नावाखातर हप्त्यावर वस्तू उचलण्याचा मोह तर टाळावाच. ‘बिनव्याजी हप्ता’ अशी पाटी असली तरी शून्य टक्के व्याज असे काही नसते, ते दुसऱ्या आकारात लपवलेले असते, हे खुद्द रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले आहे. बिल आणि हमीपत्र जपून ठेवावे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूस फी पडत नाही. आमच्या चुलत भावाने बिल हरवले होते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

दुकानदार बंधूंनाही एक विनंती आहे. गिऱ्हाईक कंपनीला ओळखत नाही, तुम्हांला ओळखतो. जपानमधला मालक त्याला कधी भेटणार नाही. जुम्याला, बाजाराला, लग्नात तुम्हीच भेटणार आहात. ज्या मालाची दुरुस्ती होणार नाही हे तुम्हांस ठाऊक आहे, तो केवळ कमिशन बरे म्हणून हाती ठेवू नका. दुकानात दुरुस्तीचे एक टेबल मांडा, मोहल्ल्यातल्या एखाद्या हुशार मुलाला हे काम शिकवा. त्यात त्याचीही रोजी आहे आणि तुमच्या दुकानाचे नावही.

गेल्या वर्षी आम्ही तो माळ्यावरचा टेप खाली काढला. पट्टा कुजला होता. आमच्या गावच्या म्हाताऱ्या मेकॅनिकने कुठून तरी दुसरा मिळवून बसवला, दीडशे रुपये घेतले आणि भाभींना बंधूंचा आवाज पुन्हा ऐकता आला. ‘नॅशनल’ हे नाव आता राहिले नाही. वस्तू राहिली, आणि ती चालू करणारा माणूस राहिला. इमान ठेवायचेच तर ते त्या माणसाशी ठेवावे, असे आमचे प्रामाणिक मत आहे.