अकरा कोटी आणि तीस लाख : वऱ्हाडातील वादाचे गणित

वऱ्हाडात क्रिकेटच्या गप्पा पूर्वी धावा आणि बळींवरच संपत असत. नोव्हेंबर २०२४ मधील जेद्दाहच्या आयपीएल लिलावानंतर त्यात हिशेबाची भर पडली. अमरावतीचा यष्टिरक्षक जितेश शर्मा याला रॉयल चॅलेंजर्स बंगळुरूने ११ कोटी रुपयांना घेतले. अकोल्याच्या मैदानावरून पुढे आलेले सलामीवीर अथर्व तायडे आणि वेगवान गोलंदाज दर्शन नळकांडे यांना प्रत्येकी ३० लाख मिळाले. एकाच विदर्भ संघातील खेळाडूंच्या मोलात एवढी तफावत कशी, हा प्रश्न तेव्हापासून दोन्ही शहरांतील क्रिकेटप्रेमींमध्ये चर्चिला जात आहे. ‘अकरा कोटी जास्त झाले’ असे म्हणणाऱ्यांचा एक पक्ष आहे, तर ‘तीस लाख हा अन्याय’ असे म्हणणाऱ्यांचा दुसरा. लिलावाचे नियम पाहिले तर दोन्ही पक्षांना आपले म्हणणे थोडे तपासून घ्यावे लागेल.

आयपीएलमध्ये प्रत्येक फ्रँचायझीला खर्चाची मर्यादा असते. २०२५ च्या हंगामासाठी लिलावाची रक्कम १२० कोटी होती, २०२६ साठी ती १२५ कोटी झाली. संघमालक कितीही श्रीमंत असला तरी त्यापलीकडे जाता येत नाही. युरोपातील फुटबॉलनेही अशा मर्यादेची धार अनुभवली आहे. स्पेनच्या ‘ला लीगा’च्या वेतननियमांमुळे ऑगस्ट २०२१ मध्ये बार्सिलोनाला लिओनेल मेस्सीसारखा खेळाडू गमवावा लागला. संघ आणि खेळाडू दोघेही राजी असताना आकडे आडवे आले.

बढतीची किंमत

जितेशच्या बाबतीतही आकडेच निर्णायक ठरले. पंजाब किंग्जने त्याला २०२२ मध्ये अवघ्या २० लाखांत घेतले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत तो भारतातर्फे खेळला. हा त्याचा सन्मान होता. परंतु त्यामुळे त्याला संघात कायम ठेवणे महाग झाले. २०२४ च्या नियमांनुसार आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेला भारतीय खेळाडू कायम ठेवल्यास संघाच्या रकमेतून किमान ४ कोटी वजा होत, तर आंतरराष्ट्रीय खेळाडूंपैकी पहिल्याच नावापोटी किमान १८ कोटी. पंजाबने शशांक सिंग (साडेपाच कोटी) आणि प्रभसिमरन सिंग (४ कोटी) या दोघांनाच कायम ठेवले आणि ११०.५ कोटी हाती घेऊन लिलाव गाठला. जितेशला सोडण्यामागे त्याच्या खेळाबद्दलची नाराजी होती की नाही, याचा कयास बांधण्याची गरजच नाही. १८ आणि ४ मधील अंतर पुरेसे बोलके आहे.

लिलावात बंगळुरूची बोली ७ कोटींवर थांबली, तेव्हा पंजाबने ‘राइट टू मॅच’चा अधिकार वापरला. नव्या नियमानुसार सर्वोच्च बोली लावणाऱ्या संघाला अशा वेळी रक्कम वाढवण्याची एकच संधी मिळत होती. बंगळुरूने थेट ११ कोटी सांगितले आणि पंजाबने माघार घेतली. हे चार कोटी वाया गेले काय? आकडा कमी सांगितला तर खेळाडू हातचा जातो, जास्त सांगितला तर पैसा जातो. आणि समोरच्याची मर्यादा ठाऊक नसते. बंगळुरूला पाचशे नव्हे, एकच अंदाज बांधायचा होता.

निकाल सर्वज्ञात आहे. २७ मे २०२५ रोजी लखनौ येथे २२८ धावांचा पाठलाग करताना जितेशने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा फटकावल्या आणि बंगळुरूचे पहिल्या दोनांतील स्थान पक्के झाले. ३ जून रोजी अहमदाबादच्या अंतिम सामन्यात बंगळुरूने पंजाबलाच ६ धावांनी हरवून पहिले विजेतेपद मिळवले. मात्र त्यावरून पंजाबचा हिशेब चुकला असे म्हणणे घाईचे ठरेल. वाचलेल्या रकमेतून त्यांनी श्रेयस अय्यर (२६.७५ कोटी), अर्शदीप सिंग आणि युजवेंद्र चहल (प्रत्येकी १८ कोटी) असा कणा उभारला आणि अंतिम फेरी गाठली. बंगळुरूने उलट मार्ग धरला. लिलावात एकाही खेळाडूवर साडेबारा कोटींपेक्षा अधिक खर्च केला नाही. मार्ग दोन, पण दोन्ही संघांनी मर्यादेचे भान राखले.

ताण कोणावर?

खरा प्रश्न पुढे आहे. ठरावीक रकमेतील मोठा वाटा मोजक्या खेळाडूंकडे गेला की उरलेल्या जागा पायाभूत किमतीत भराव्या लागतात. तायडे आणि नळकांडे यांचे ३० लाख हे त्यांच्या कौशल्याचे मोजमाप नाही. ती यादी पूर्ण करण्याची किमान किंमत आहे. आणि तिलाही शाश्वती नाही. करार पुढील हंगामात चालू ठेवायचा की नाही, हा अधिकार फ्रँचायझीकडे असतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये बंगळुरूने जितेशला कायम ठेवले; सनरायझर्स हैदराबादने तायडेला आणि दिल्ली कॅपिटल्सने नळकांडेला मुक्त केले. धक्का बड्यांनाही बसतो. २३.७५ कोटींचा वेंकटेश अय्यर कोलकात्याने सोडल्यावर डिसेंबर २०२५ च्या लिलावात ७ कोटींवर आला. पण सात कोटींवर घसरणे आणि यादीतून नाव जाणे यांत फरक आहे.

हा फरक देशांतर्गत मानधनाशी ताडून पाहावा. रणजी करंडकात ४० हून अधिक सामने खेळलेल्याला दिवसाला ६० हजार, म्हणजे चार दिवसांच्या सामन्याचे २ लाख ४० हजार रुपये मिळतात. नवोदिताला दिवसाला ४० हजार. साखळीतील सातही सामने खेळलेल्या अनुभवी खेळाडूची कमाई १६ लाख ८० हजार होते. आयपीएलमध्ये २०२५ पासून करारापलीकडे प्रत्येक सामन्याचे साडेसात लाख मिळतात. एका संध्याकाळची ही रक्कम तीन रणजी सामन्यांपेक्षा, म्हणजे बारा दिवसांच्या क्रिकेटपेक्षा, अधिक आहे.

म्हणूनच अमरावती-अकोल्यातील वाद ‘अकरा कोटी जास्त की कमी’ येथे थांबू नये. २०२४-२५ चा रणजी करंडक विदर्भाने जिंकला. तो जिंकून देणाऱ्या क्रिकेटचा दर दिवसाला ६० हजारांवर थांबतो आणि आयपीएलचे दार दर नोव्हेंबरला बंद होऊ शकते, हे सकाळी मुलाला मैदानावर सोडणाऱ्या पालकांनी जाणून घ्यायला हवे. जितेशचे उदाहरण त्यांना उमेद देईल; तायडे आणि नळकांडे यांचे उदाहरण हिशेब शिकवील. निर्णय घेताना दोन्ही समोर असलेली बरी.