मैनेचा महाराष्ट्र



महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात राज्यगीत घ्यावे की नाही, या प्रश्नावर हवल्लीतील आपल्या शुक्रवारच्या बैठकीत यंदा बराच वेळ गेला. एका ज्येष्ठ काकांनी विचारले, "ज्या महाराष्ट्राने आपल्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर ठेवले, त्याचा जयजयकार आपण परदेशात येऊन का करायचा?" त्यावर एका ताईंनी प्रतिप्रश्न केला, "मग इथल्या शाळेत मुलांना कोणी विचारले, तुम्ही कुठले, तर त्यांनी काय सांगायचे?" दोन्ही प्रश्न खरे आहेत, म्हणून हा विषय या वेळच्या स्तंभात घेतो.

राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले आणि शाहीर साबळे यांनी गायिलेले 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत २०२३ साली महाराष्ट्राचे अधिकृत राज्यगीत झाले. ते ऐकताना अंगावर काटा येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यात नद्या आहेत, सह्याद्री आहे, दारिद्र्याचा आणि घामाचाही उल्लेख आहे. तरी ते उंचावरून पाहणाऱ्याचे गीत आहे. नदी दिसते, तिचा कुठला पाणवठा कोणाचा, हे तेवढ्या उंचीवरून दिसत नाही.

आपल्या राज्यावर गाण्याची आणखी एक रीत असू शकते. अमेरिकेतील डॉली पार्टन या गायिकेने १९७३ साली 'माय टेनेसी माउंटन होम' हा संपूर्ण अल्बम आपल्या टेनेसी राज्यातील डोंगराळ घरावर केला. ती 'कंट्री' या गायनप्रकारातली. (या प्रकारातील बँजो हे वाद्य मुळात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे, पण कंट्री संगीताच्या इतिहासात त्यांचे नाव फार उशिरा आले. हलगी आणि ढोलकीचा इतिहास ठाऊक असलेल्यांना यात नवल वाटणार नाही.) डॉली बारा भावंडांतली चौथी. वडील शेतात राबणारे, लिहितावाचता न येणारे. अल्बमची सुरुवात गाण्याने होत नाही. शहरात नवी आलेली ती मुलगी आईवडिलांना लिहिलेले पत्र वाचते. पुढे एका गाण्यात तिच्या जन्माच्या वेळी आलेला डॉक्टर आहे, ज्याचे मानधन मक्याच्या पिठात चुकते केले गेले. आणि एका गाण्यात ती स्पष्ट सांगते की त्या दिवसांच्या आठवणी तिला अमूल्य आहेत, पण ते दिवस पुन्हा जगायची तिची तयारी नाही.

हे ऐकून मला माझी आजी आठवली. तिच्या तोंडी 'गाव' हा शब्द कधी गोड झाला नाही. तिकडच्या बोरांविषयी, पहिल्या पावसानंतरच्या रानाविषयी मात्र ती तासभर बोलत असे.

तरीही डॉलीचा नमुना आपल्याला जसाच्या तसा चालणार नाही. तिच्या गरिबीला स्वतःचे अंगण होते. आपल्या वडीलधाऱ्यांच्या गरिबीला महारकी होती, वेगळा पाणवठा होता, वेगळे स्मशान होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्यांच्या गौरवाचा जो कठोर समाचार घेतला, तो याच अनुभवातून. भाषिक राज्यांविषयीच्या १९५५ च्या ग्रंथात तर त्यांनी मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व असा चार राज्यांचा महाराष्ट्र सुचवला होता. मोठ्या राज्यात बहुसंख्य जातीच्या सत्तेखाली लहान समाज चिरडले जातील, ही त्यांची भीती होती. पुढे शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील झाले आणि १९५७ साली दादासाहेब गायकवाड नाशिकहून लोकसभेवर निवडून गेले. म्हणजे आपले लोक या राज्याच्या लढ्यात होते, पण डोळे उघडे ठेवून होते. बैठकीतल्या काकांना मी हेच सांगितले. त्यांचे समाधान झाले असे वाटत नाही.

या लढ्याने दिलेले सर्वांत मोठे गाणे वाटेगावच्या एका मातंग शाहिराचे आहे. अण्णाभाऊ साठे लहानपणी वडिलांबरोबर पायी मुंबईला आले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. त्यांची 'माझी मैना' ही छक्कड पोटासाठी मुंबईला आलेल्या माणसाची आहे. त्याची बायको गावी राहिली आहे. आधी तिचे रूप, मग ताटातूट, मग त्याला भेटलेली दोन तोंडांची मुंबई: एका बाजूला श्रीमंती, दुसऱ्या बाजूला उपाशी गर्दी. आणि शेवटी तीच मैना महाराष्ट्र होते. गड्याची आणि मैनेची जशी ताटातूट, तशीच बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांची आणि महाराष्ट्राची.

मी ऐकलेल्या कित्येक कार्यक्रमांत ही छक्कड ताटातुटीपाशीच थांबवली जाते. लोक टाळ्या देतात, गायक पुढच्या लावणीकडे वळतो. हे मला फार खटकते. पहिला भाग तेवढा ऐकला तर ते विरहगीत उरते. पुढचा ऐकला तर कळते की घर सोडावे लागण्याला कारणे असतात आणि ती कारणे माणसांनी घडवलेली असतात. राज्यावरचे प्रेम इथे मैनेच्या तोंडवळ्याने येते आणि सोबत हिशेबही मागते. ज्याने 'फकिरा' ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, त्याच्याकडून याहून कमी अपेक्षिता येत नाही.

कुवेतमध्ये पगाराच्या दिवशी गावी पैसे पाठवायला रांगेत उभा राहिलेला कोणीही ही छक्कड समजू शकतो. फक्त आपली मैना आता गावावर नाही. ती कोणाची उल्हासनगरला आहे, कोणाची नांदेडला, कोणाची नागपूरच्या इंदोऱ्यात.

तेव्हा ताईंच्या प्रश्नाला उत्तर म्हणून एक सूचना. डॉलीने आपल्या डोंगराचा अल्बम केला, तसा आपल्या महाराष्ट्राचा एक अल्बम मुलांकडून बसवून घ्यावा. महाड १९२७, नाशिक १९३०, येवला १९३५, नागपूर १९५६, आणि नामांतराचे औरंगाबाद १९७८ ते १९९४. प्रत्येक ठिकाणचे एक गाणे, आणि सुरुवातीला प्रत्येक मुलाने आजीला लिहिलेले पत्र. कडूबाई खरात यांच्या एकतारीसारखा आवाज आपल्याकडे कोणाचा नाही. पण निदान प्रयत्न व्हावा.

यंदापुरते एवढे ठरले आहे: राज्यगीत होईल, ज्यांना उभे राहायचे ते राहतील, आणि त्यानंतर 'मैना' संपूर्ण होईल. स्पीकर इब्न खल्दून रस्त्यावरून आणला आहे. भिंतीवर नकाशा लावावा लागेल, कारण उंबरगाव आज गुजरातेत कुठे येते, हे मुलांना सोडाच, बैठकीतल्या मोठ्यांनाही चटकन सांगता आले नाही. ढोलकी मिळाली, हलगी मात्र नाही. त्याआधी सुट्टीवरून कोणी परतणार असेल, तर कृपया कळवावे.