झडपेची गळती, धोरणाची गळती

हृदयाची झडप नीट मिटली नाही की पुढे ढकललेले रक्त काही अंशी मागे परतते. तेच काम पुन्हा करावे लागल्याने हृदय ताणते आणि अखेर थकते. संपन्न देशांत ही गळती बहुधा उतारवयातील. भारतात मात्र तिचे एक मोठे कारण शाळकरी वयात दडलेले असते. स्ट्रेप्टोकोकस जिवाणूने घसा सुजतो, उपचार राहून जातात, संधिवाती ताप येतो आणि शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच झडपांवर उलटते.

शस्त्रक्रियेच्या आघाडीवर देशाने बरीच मजल मारली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत विकसित झालेली देशी झडप १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसवली गेली. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेने गरीब कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांचे छत्र दिले. परंतु धातूची झडप म्हणजे जन्मभर रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि नियमित रक्ततपासणी. प्रयोगशाळा दूर असलेल्या मजुराला ते परवडत नाही. गर्भवतीसाठी तर हे औषधच जोखमीचे.

याउलट, तीन-चार आठवड्यांनी एक पेनिसिलिन इंजेक्शन वर्षानुवर्षे दिल्यास ताप उलटत नाही आणि झडप बऱ्याच अंशी वाचते. औषध स्वस्त, म्हणून नफा तुटपुंजा. त्यामुळे पुरवठा डळमळीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत हा आजार २०१३ पासूनच समाविष्ट आहे. मात्र निदान झालेल्या मुलाची नोंद, पाठपुरावा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषधसाठा यांची साखळी जुळल्याखेरीज तपासणीला अर्थ नाही. विमा शस्त्रक्रियेचा खर्च देईल. ती टाळण्याची जबाबदारी प्राथमिक आरोग्यव्यवस्थेचीच आहे.