भिंग एक, पावलं अनेक



आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. एक कॅमेरा आहे. त्याला झूम नाही, म्हणजे लांबचं जवळ ओढता येत नाही. बरं, भिंग बदलावं म्हटलं तर तेही निघत नाही. कारखान्यात बसवलं तेच कायमचं. आकाराने हातात मावेल एवढाच. आणि किंमत? दीड लाखाच्या घरात! सांगा बघू, असा कॅमेरा घेणारा माणूस शहाणा की वेडा?

घाई करू नका. उत्तर शेवटी तुम्हीच द्यायचं आहे.

असे कॅमेरे खरोखरच आहेत आणि जगभरचे हौशी लोक त्यांच्यासाठी महिनोन् महिने वाट पाहतात. जपानच्या रिको कंपनीने १९९६ साली ‘जीआर वन’ नावाचा रोल घालायचा छोटा कॅमेरा काढला. भिंग एकच, कायमचं. २००५ मध्ये ‘जीआर’चा डिजिटल अवतार आला. २०११ मध्ये जपानच्याच फुजीफिल्मने ‘एक्स १००’ विकायला आणला. त्याचा सहावा भाऊ फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाला, तेव्हा दुकानांत मागणीच्या याद्या लागल्या. दाइदो मोरियामा हे जपानचे नावाजलेले छायाचित्रकार. टोकियोच्या गल्लीबोळांतून भटकत फोटो काढायचे, तर त्यांच्या हातात असाच छोटा जीआर! मोठमोठी भिंगं विकत घेऊ शकणारा माणूस खिशातला कॅमेरा का वापरतो? त्याला काही कारण असणारच की नाही?

कारण समजायला थोडं गणित करू. घाबरू नका, भागाकार येतो ना, मग झालं.

कॅमेऱ्याचं भिंग म्हणजे उजेड आत येण्याची खिडकी. खिडकी जेवढी मोठी तेवढा उजेड जास्त. एक्स १०० च्या भिंगावर दोन आकडे असतात, २३ आणि २. पहिला आकडा भिंगाचं नाभीय अंतर, मिलिमीटरमध्ये. त्याला दुसऱ्याने भागा. २३ भागिले २ म्हणजे साडेअकरा. म्हणजे खिडकी साडेअकरा मिलिमीटर व्यासाची. आता आईबाबांचा फोन घ्या. अनेक फोनांच्या मुख्य कॅमेऱ्याचं नाभीय अंतर ७ मिलिमीटरच्या आसपास असतं आणि दुसरा आकडा १.८ च्या जवळपास. भागाकार केलात तर उत्तर जेमतेम ४! व्यास जवळजवळ तिप्पट, म्हणजे खिडकीचं क्षेत्रफळ आठपट. संध्याकाळी दिवेलागणीला अंगणात फोटो काढताना हा फरक चटकन कळतो.

आत येणारा उजेड झेलायला एक पाटी असते. तिला सेन्सर म्हणतात. जुन्या कॅमेऱ्यात रोल जे काम करायचा तेच हा करतो. फोनचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा, तर या कॅमेऱ्याचा छोट्या टपाल तिकिटाएवढा, सुमारे साडेतेवीस बाय साडेपंधरा मिलिमीटर. आता एवढ्या मोठ्या पाटीसाठी एवढीच मोठी खिडकी ठेवून झूमचं भिंग बनवायचं, तर आत पुढेमागे सरकणाऱ्या कितीतरी काचा घालाव्या लागतील. कॅमेरा खिशात नाही, पिशवीत न्यावा लागेल. म्हणून बनवणाऱ्यांनी ठरवलं, झूमवर पाणी सोडायचं. एकच भिंग करायचं, पण चोख करायचं. आणि झूमचं काम सोपवायचं कुणावर? तुमच्या पायांवर!

गंमत अशी की, हे एकच भिंग जगाकडे कसं बघतं, ते तुम्हाला दीड लाख न खर्चता आजच बघता येईल. वहीचा जुना पुठ्ठा घ्या. त्यात ९ सेंटिमीटर लांब आणि ६ सेंटिमीटर उंच अशी खिडकी कापा. कात्री जपून हं, लहानांनी मोठ्यांकडून कापून घ्यावी. आता एक डोळा मिटा आणि ही खिडकी दुसऱ्या डोळ्यापासून ९ सेंटिमीटरवर धरा. जे दिसतंय, साधारण तेवढंच एक्स १०० ला दिसतं. कमी नाही, जास्त नाही.

आता टेप घेऊन भिंतीसमोर उभे राहा. भिंतीपासून २ मीटरवर उभे राहिलात तर भिंतीचा किती भाग दिसतो? मोजा. साधारण २ मीटरच! ३ मीटरवर जा, ३ मीटर दिसेल. जेवढं अंतर तेवढीच रुंदी. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच कळतं, कुठे उभं राहायचं ते. वर्गाची रांग ६ मीटर लांब आहे? मग ६ मीटर मागे सरका, किंवा कडेचा कुणी कापला जाऊ नये म्हणून सात.

आता खरी गोष्ट इथून सुरू होते. समजा, बाजारात एक आजी भाजी विकायला बसल्या आहेत. तराजू धरलेले त्यांचे हात तुम्हाला आवडले. तुम्ही रस्त्याच्या पलीकडे १० मीटरवर आहात. फोटोत १० मीटर रुंदीचा रस्ता येणार. फोटोची प्रत १५ सेंटिमीटर रुंद असेल, तर त्यात बसलेल्या आजी जेमतेम दीड सेंटिमीटरच्या! हात तर दिसायचेही नाहीत. झूम असता, तर तिथूनच चोरून टिपलं असतं. आजींना पत्ताही लागला नसता. पण इथे चोरीची सोयच नाही. हात हवे असतील, तर रस्ता ओलांडून एक-दीड मीटरवर जावंच लागतं. आणि एवढ्या जवळ गेल्यावर नुसतं क्लिक करून पळता येत नाही. बोलावं लागतं. “आजी, तुमचा एक फोटो काढू का?”

कुणी हसून हो म्हणेल. कुणी पदर सावरून बसेल. कुणी म्हणेल, “नको रे बाबा.” नको म्हटलं की कॅमेरा खाली. का, कशाला, एकच, असं काही नाही. आपला चेहरा कुणाच्या कॅमेऱ्यात जाऊ द्यायचा, हे ठरवायचा हक्क ज्याचा त्याचा. भाजी विकणाऱ्या आजींचा तेवढाच, जेवढा तुमच्या मुख्याध्यापकांचा. अनोळखी माणसांकडे जाताना घरचं मोठं कुणीतरी बरोबर असू द्या. काढलेला फोटो चार लोकांना पाठवायचा असेल, तर तेही विचारा.

आणि एक. “फोटो देईन हं” असं म्हणालात, तर तो द्यायचाच. एका प्रतीला काही रुपयेच पडतात. पण बरेचजण शब्द देऊन जातात आणि परत येत नाहीत. समोरचा माणूस मात्र वाट पाहत राहतो. असा कॅमेरा बाळगणाऱ्याने हे कर्ज अंगावर ठेवू नये.

भिंग न बदलता मोठं काम होतं का, अशी शंका आली असेल. होमाई व्यारावाला हे नाव लक्षात ठेवा. जन्म १९१३, नवसारीचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या आणि भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. स्वातंत्र्याच्या काळातले कितीतरी प्रसंग त्यांनी टिपले. त्यांच्या कॅमेऱ्यांपैकी एक होता रोलिफ्लेक्स. त्याचंही भिंग निघत नसे. योग्य जागी, योग्य वेळी जाऊन उभं राहणं हेच त्यांचं कसब. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. आणि तुमच्या आजोबांना विचारा, घरात आग्फा क्लिक थ्री होता का? त्या साध्या कॅमेऱ्याचंही भिंग एकच आणि एका रोलमध्ये फोटो फक्त बारा. प्रत्येक फोटोआधी विचार करावाच लागे.

या कॅमेऱ्याला जमत नाही, असंही पुष्कळ आहे बरं का. झाडाच्या शेंड्यावरचा हळद्या त्याच्या आवाक्यातला नाही. मैदानाच्या कडेला बसून क्रिकेटचा सामना टिपता येत नाही. आणि फार जवळ जाऊनही चालत नाही. चेहऱ्यापासून ३० सेंटिमीटरवर आलात, तर पुढे असलेलं नाक बटाटेवड्याएवढं दिसतं आणि कान मागे पळतात. दीड मीटरवर उभं राहिलं की चेहरा पुन्हा माणसासारखा!

हा कॅमेरा सांभाळायचा कसा? भिंग निघत नाही, त्यामुळे ते बदलताना धूळ आत जाण्याची भीती नाही. पण गेलीच, तर घरी साफही करता येत नाही. दुरुस्तीला द्यावा लागतो. म्हणून उघडा कॅमेरा दप्तरात, पुस्तकं आणि डब्याबरोबर कोंबायचा नाही. काचेवर तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकी उडते. मऊ ब्रशने धूळ झटका, मग मऊ फडक्याने हलकेच पुसा. आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट हवेने भिंगावर बुरशी धरते. तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावा. आणि अधूनमधून बाहेर काढून वापरावा. कपाटात पुजून ठेवलेला कॅमेरा लवकर बिघडतो.

आता दोन शब्द आईबाबांशी. मुलांनी हे वाचून लगेच हट्ट धरला, तर रागावू नका आणि लगेच दुकानही गाठू नका. दीड लाख म्हणजे कितीतरी घरांचा काही महिन्यांचा खर्च. घरात असा कॅमेरा असेलच, तर तो मुलांच्या हातात द्या. पट्टा गळ्यात अडकवायला शिकवा आणि मग थोडा विश्वास टाका. नसेल, तर फोन आहेच. फक्त एक अट घाला. दोन बोटांनी चित्र मोठं करायचं नाही, चार पावलं पुढे जायचं. तसंही पडद्यावर बोटं पसरून खूप मोठं केलं, की बहुतेक वेळा फोन चित्राचा मधला तुकडाच कापून ताणत असतो. तपशील वाढत नाही.

तर मुलांनो, या आठवड्याचा उद्योग. रोज फक्त बारा फोटो. फोन असो, कॅमेरा असो, नाहीतर आपली पुठ्ठ्याची खिडकी. खिडकीवाल्यांनी प्रत्येक ‘फोटो’ वहीत एका ओळीत लिहायचा. कुठे उभे होता, किती अंतरावर, काय दिसलं. बारापैकी निदान एक फोटो घरातल्या अशा माणसाचा हवा, ज्याचा एकट्याचा फोटो कुणी काढतच नाही. बहुतेक घरांत ती आईच निघेल. कारण फोटो काढताना ती कुणाला तरी पुढे ढकलत असते आणि स्वतः मागे राहते. दीड मीटरवर उभे राहा, विचारा, आणि मग काढा. त्याची प्रत करून तिला द्या.

आणि हो, सुरुवातीचं कोडं राहिलंच. शहाणा की वेडा? बारा फोटो झाल्यावर सांगा. उत्तर एका ओळीत नको, कारणासकट हवं!